गिरणी बघायला आलेला पाहुणा

त्या वर्षांत मी साउथ कॅरोलायनात जुन्या यंत्रांच्या धंद्यात होतो. कुठे एखादी कापडगिरणी बंद पडली की आमची कंपनी तिथले साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, एकगठ्ठा विकत घ्यायची. त्यातले चांगले निघतील ते दुसऱ्या देशात विकायचे आणि उरलेले फोडून भंगारात घालायचे. कुठला साचा विकायचा आणि कुठला फोडायचा हे ठरवणं माझं काम. खिशात पिवळा खडू असायचा. चांगल्या साच्यावर गोल काढायचा, भंगाराच्या साच्यावर फुली मारायची. माटुंग्याला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग करून, पुढे अमेरिकेत येऊन मास्टर्स करून मी हे करत होतो. पगार चांगला होता. विटांचं बैठं घर होतं, मागे दोन पेकनची झाडं होती. मराठी बोलायचं तर बायकोशी, नाहीतर दीड तास गाडी चालवून शार्लटला मित्राकडे जायचं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचा अडला की तो सुरू करून द्यायचा, विणकरांवर नजर ठेवायची, हे जॉबरचं काम. मुंबईतला मोठा संप झाला आणि त्यानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. आई पत्रातून लिहायची की हे अजून सकाळी सहाला आंघोळ करून, कपडे करून बसतात. मी नेमकं काय करतो हे मी वडिलांना कधी नीट सांगितलं नव्हतं. ‘मशिनरीच्या कंपनीत आहे’ एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि गल्लीत ते तेवढंच अभिमानाने सांगत.

एका ऑक्टोबरात मालकाने मला बोलावलं. स्कॉटलंडच्या दक्षिणेला एका जुन्या बाजारपेठेच्या गावात लोकरीच्या कापडाची गिरणी बंद पडली होती. चौसष्ट साचे होते. सोमवारी जाऊन बघायचे आणि यादी करायची.

“बायकोला घेऊन जा,” मालक म्हणाला. “दोन दिवस आधी पोचा, हिंडा. पण गावात तोंड उघडू नकोस. यंत्रं उचलायला माणूस आला हे कळलं की लोक गेटवर येऊन उभे राहतात. कोणी विचारलं तर सुटीवर आलोय म्हणायचं.”

बायकोला मी हे सगळं सांगितलं होतं. पण तिने त्यातलं ‘स्कॉटलंड’ एवढंच ऐकलं. लग्न होऊन अमेरिकेत आल्यापासून आम्ही नायगारा सोडून कुठे गेलो नव्हतो. मुलीला शार्लटच्या मित्राकडे ठेवलं. बायकोने नवा कोट घेतला, कॅमेऱ्यासाठी स्लाइडचे चार रोल घेतले आणि बॅगेच्या तळाशी, परदेशात जेवणाचे हाल नकोत म्हणून, कांदा-लसूण मसाल्याची पुडी ठेवली.

एडिनबरोहून बसने दीड तास लागला. गाव लहानसं होतं, दगडी. मधे फरसबंद चौक, चौकात झिजलेला बाजारखांब, त्याच्यासमोर घड्याळाचा मनोरा. पूर्वी कर भरायचा, कैद्यांना ठेवायचं आणि पंचायत बसवायची ती हीच इमारत, असं पाटीवर लिहिलं होतं. गावाच्या टोकाला एका मठाचे भग्न लाल खांब आणि खाली नदी. दुकानांच्या काचांवर ठिकठिकाणी आतून कागद लावलेले होते. त्यातलं एक चपलांचं दुकान होतं. मागच्या उन्हाळ्याचा सेलचा फलक अजून तसाच होता. नदीच्या वळणावर गिरणीची चिमणी दिसत होती. तिच्यातून धूर येत नव्हता.

आम्ही उतरलो ते एका विधवा बाईंचं घर होतं. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत आणि सकाळी न्याहारी देत. साठीच्या, उंच, हाडापेराने मजबूत. नवरा गिरणीच्या रंगखात्यात होता, छातीच्या दुखण्याने गेला, हे त्यांनी बॅगा वर नेता नेताच सांगितलं.

“सुटीवर?” त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “हो, सुटीवर.” आणि माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, तिने मला मदत केली.

शनिवार बाजाराचा दिवस होता. बाई बायकोला घेऊन चौकात गेल्या. लोणी, अंडी, गाजरं, मेंढीच्या लोकरीचे हातमोजे, असा साधाच बाजार. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, “या अमेरिकेहून आल्यात. खरं म्हणजे भारतातून, पण अमेरिकेहून.” लोक हात मिळवत होते. खाटकाने बायकोला विचारलं की भारतात मेंढ्या असतात का. ती म्हणाली, असतात, आणि तुमच्यापेक्षा आम्ही त्या बऱ्या शिजवतो. खाटकासकट सगळे हसले. त्यावर बाई म्हणाल्या, मग उद्या माझ्या स्वयंपाकघरात शिजवूनच दाखव, माझ्या भावालाही बोलावते. आणि तिथल्या तिथे दोन पौंड मटण घेतलं.

भाऊ रविवारी सकाळी आपली छोटी गाडी घेऊन आला. बाईंनीच त्याला सांगितलं होतं, पाहुण्यांना टेकड्या दाखव. पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं हळू, आणि बोलताना ओठ जरा जास्तच हलवायचा. ती लकब मी ओळखली. साच्यांच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं अशी बोलतात, कारण तिथे शब्द ऐकू येत नाहीत, ओठ वाचावे लागतात. माझे वडीलही असेच बोलतात.

त्याने आम्हाला खूप फिरवलं. पाऊस म्हणावा असा नव्हता, पण हवेत पाणी होतं आणि ते चष्म्यावर साचत होतं. चुना-माती न वापरता नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या भिंती टेकड्यांवरून वर वर जात होत्या. फुलं संपून गेलेलं काळपट झुडूप सगळीकडे होतं. एका उंचवट्यावर चौकोनी पडका बुरूज होता. इंग्लंडकडून गुरं पळवायला टोळ्या येत तेव्हा अख्खं कुटुंब जनावरांसकट आत शिरून दार लावून घ्यायचं, असं त्याने सांगितलं. बायकोने त्याला बुरुजाच्या भिंतीपाशी उभं करून फोटो काढला. त्याने टोपी काढून हातात धरली.

खाली उतरताना काटेरी तारेला मेंढीची लोकर अडकलेली होती. त्याने ती काढून माझ्या हातात दिली, गंमत म्हणून. मी विचार न करता ती दोन बोटांनी ओढली, सुटी केली, तंतूंची लांबी अंगठ्याच्या नखाशी धरून पाहिली. दहा वर्षांची सवय.

तो थांबला. “तुम्हाला लोकर कळते.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

“माझे वडील गिरणीत होते,” मी म्हणालो. “मुंबईला. साचेखात्यात.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तो म्हणाला, मी ट्यूनर. साचे दुरुस्त करणारा, लावणारा. चौदाव्या वर्षी लागलो, एक्केचाळीस वर्षं झाली. मी म्हणालो, आमच्याकडे त्याला जॉबर म्हणतात, वडील तेच करायचे. त्याने ‘जॉबर’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

“त्यांची गिरणी चालू आहे?”

“नाही. संप झाला. मग उघडलीच नाही.”

“मग तुम्हाला वेगळं सांगायला नको,” तो म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये गिरणी बंद झाली. किल्ल्या त्याच्याकडे ठेवल्या, आठवड्याला थोडे पैसे राखणीचे. पण आता बातमी होती. उद्या अमेरिकेहून एक माणूस येणार होता, गिरणी बघायला. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं होतं. अमेरिकेत या कापडाला मागणी आहे, तिकडचा कोणी घेऊन चालवणार असेल. म्हणून गेले तीन आठवडे तो रोज आत जाऊन साचे पुसत होता, तेल घालत होता, गंज खरवडत होता. हे करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एका साच्यावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवून ठेवला होता, म्हणजे माणूस आला की चालवून दाखवता येईल.

“चौसष्टांपैकी एकसष्ट उद्या सकाळी चालतील,” तो म्हणाला. “अमेरिकन लोक थांबायला तयार नसतात म्हणे. चालू गिरणी दिसली पाहिजे.”

मी ‘हो’ म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्याने आम्हाला नदीपाशी सोडलं. संध्याकाळी जेवायला येतो म्हणून तो गेला. गाडी वळेपर्यंत बायको हात हलवत होती. मग ती माझ्याकडे वळली.

“तुम्ही त्याला सांगितलं का नाही?”

“सांगायचं नाही असं ठरलंय. तुला माहीत आहे.”

“मला नव्हतं माहीत की तो असा आहे.” ती चालायला लागली. मग थांबली. “अहो, तीन आठवडे तो माणूस तेल घालतोय. आज जेवायला येणारेय. आजच सांगून टाका ना.”

“सांगून काय होणार? कंपनीने साचे घेतलेच आहेत. मी नसतो आलो तर दुसरा आला असता.”

“दुसरा आला असता तर तो या माणसाच्या गाडीतून फिरला नसता.”

मी तिला म्हणालो, नोकरी आहे माझी ही, घराचे हप्ते आहेत, तिकडे आई-बाबा माझ्यावर आहेत. सगळं खरं होतं. नदीच्या पलीकडे गिरणीच्या खिडक्यांच्या रांगा दिसत होत्या. त्यातल्या एका मजल्याच्या काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या, बाकीच्या धुळीने करड्या. पुसलेला मजला कुठला ते आम्हा दोघांनाही कळलं.

संध्याकाळी तिने मटणाचा रस्सा केला. बाई कांदा चिरून देत होत्या. भाऊ स्वच्छ शर्ट घालून आला. रश्श्याने त्याच्या डोक्याला घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्याने दोनदा मागून घेतला. बाई हसून हसून बेजार. तो म्हणाला, उद्या गिरणीचं ठरलं की मी तुम्हा दोघांना कोटाचं कापड विणून देईन, माझ्या हाताने. पत्ता देऊन ठेवा. बायको उठून सिंकपाशी गेली आणि भांडी घासत राहिली. बाई म्हणत होत्या, अगं राहू दे, पाहुणी ना तू. ती काही थांबली नाही. पत्ता मी एका कागदावर लिहून दिला.

सोमवारी सकाळी न्याहारी न करताच मी निघालो. बाईंना म्हणालो, जरा चालून येतो. बायको खोलीतच होती, पाठ करून.

गेटवर तो उभा होता. टाय लावला होता. दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला कापलं होतं. मला बघून त्याने लांबूनच हात केला. त्याला वाटलं, मी त्याला शुभेच्छा द्यायला आलोय. मग त्याने माझ्या हातातली कंपनीची फाइल पाहिली.

“तुम्ही?” तो म्हणाला. “तो अमेरिकन म्हणजे तुम्ही?”

“हो.”

मला वाटलं होतं तो रागावेल. तो मोठ्याने हसला. माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. “काल एक शब्द बोलला नाहीत! बरोबर आहे. आधी माणसं बघायची, मग गिरणी. हुशार आहात. चला, चला आत.”

आणि मी आत गेलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेवढं सोपं दुसरं काही नव्हतं. पण तो पुढे चालत होता, जिना चढत होता, आणि सांगत होता की जॉबरचा मुलगा येणार हे ठाऊक असतं तर मी काल झोपलो असतो.

मजला लांबच लांब होता. साच्यांच्या चार ओळी, प्रत्येकीत सोळा. असं साफ साचेखातं मी चालू गिरणीतही कधी पाहिलं नव्हतं. फरशीवर लोकरीची एक पिंज नव्हती. पितळ चमकत होतं. त्याने मला दुसऱ्या ओळीतल्या एका साच्यापाशी नेलं, पट्टा चढवला आणि कळ ओढली.

एकच साचा, पण रिकाम्या मजल्यावर त्याचा आवाज भिंतींना आपटून परत येत होता. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे जात होता. हिरव्या-तपकिरी धाग्यांचं कापड अंगुळ-अंगुळ पुढे सरकत होतं. तो साच्याकडे बघत नव्हता. मान एका बाजूला करून ऐकत होता, वडील ऐकायचे तसं. मला लहानपणी वडील एकदा गिरणीत घेऊन गेले होते. मी कानांवर हात ठेवले होते, तेव्हा त्यांनी ते बाजूला केले आणि ओठ हलवून सांगितलं, ‘ऐक. बरा असला की त्याचा आवाज गोल असतो.’ हा आवाज गोल होता.

त्याने साचा थांबवला. वीतभर कापड तयार झालं होतं. त्याने त्यावरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आम्ही गिरणी चालवणार नाही,” मी म्हणालो.

त्याला ऐकू आलं नाही असं वाटून मी परत म्हणालो. त्याने पहिल्याच वेळी ओठ वाचले होते.

“मग?”

“साचे उचलणार आहोत. चांगले असतील ते दक्षिण अमेरिकेत विकायचे. बाकीचे भंगारात.”

तो खाली बसला. साच्याच्या पुढच्या आडव्या लाकडावर, जिथे विणकर कधीच बसत नाही. खिशातून फडकं काढून हात पुसू लागला. हात स्वच्छच होते. नदीच्या बाजूच्या खिडकीवर एक कबुतर येऊन बसलं आणि उडालं.

“काल तुम्हाला हे माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि परवाही.”

“हो.”

तो उठला. टाय सोडला, घडी करून खिशात घातला. “ठीक आहे. तुमचं काम करून घ्या.”

मी खडू काढला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चौकट बघायची, दाते बघायचे, धोट्याची वाट बघायची, आणि खूण करायची. तो माझ्या मागे दोन पावलांवर चालत होता. मला वाटलं, नजर ठेवायला. नवव्या साच्यावर मी गोल काढला, तेव्हा मागून आवाज आला, “तो नाही. उजव्या पायाला चीर आहे. रंगाखाली. मीच बुजवली होती.” मी वाकून नखाने रंग खरवडला. चीर होती. मी गोल पुसून फुली मारली.

पुढे तसंच चाललं. माझ्याकडून सुटलं तिथे तो सांगायचा. कुठल्याचा दट्ट्या बदललाय, कुठला ओल्या हवेत अडतो, कुठला कधीच कुरकुरला नाही. त्याला एकही साचा चांगला म्हणून खपवायचा नव्हता, एकही चुकीने भंगारात जाऊ द्यायचा नव्हता. दुपारी दोनपर्यंत चौसष्ट साचे झाले. एकोणीस गोल, पंचेचाळीस फुल्या. ज्याच्यावर त्याने कापड विणून दाखवलं होतं त्याच्यावर मी गोल काढला होता. त्याने मान हलवली. म्हणाला, “त्याचे मागचे दाते गेलेत. चार-सहा महिने चालेल फार तर.” मी म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, “नको. ज्याने विकत घेतला त्याच्याकडेही कोणी जॉबर असेलच ना.”

मी फुली मारली.

गेटपाशी त्याने कुलूप लावलं. “बहिणीला मी सांगितलंय असं समजा,” तो म्हणाला. “तुम्ही बोलू नका.” आणि गावाकडे न जाता नदीच्या काठाने निघून गेला.

घरी पोचलो तेव्हा बाईंना कळलं होतं. लहान गाव, बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यांनी दार उघडलं, बाजूला झाल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “उद्याची पहिली बस सातला आहे. न्याहारी सहाला ठेवते.” बायको त्यांच्याशी काही बोलायला गेली, तर त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुला काही म्हणत नाही मी.” त्यांनी ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं.

सकाळी टेबलावर दोघांची न्याहारी मांडलेली होती, पण बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मसाल्याची उरलेली पुडी बायकोने बाईंसाठी खिडकीत ठेवली होती. आम्ही निघालो तेव्हा ती आमच्या बॅगेवर आणून ठेवलेली होती.

परत आल्यावर मी रिपोर्ट लिहिला. शेवटी एक ओळ आपणहून घातली: साचे उतरवताना इथल्या जुन्या ट्यूनरला कामावर घ्यावं, त्याला प्रत्येक बोल्ट ठाऊक आहे. चार-पाच आठवड्यांची मजुरी तरी त्याला मिळेल, असं मला वाटलं. ही ओळ लिहून मला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात शार्लटला मित्राकडे सगळी मराठी मंडळी जमली. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. जेवणं झाल्यावर मित्र म्हणाला, “स्कॉटलंडच्या स्लाइड्स दाखव यार, एवढा फिरून आलास.” भिंतीवर चादर लावली, दिवे घालवले. बायको खुर्चीत मागे बसली. मी एकेक स्लाइड पुढे सरकवत होतो. चौक, मनोरा, मठाचे खांब. मुलं मेंढ्या बघून इंग्रजीत ओरडत होती. मग बुरूज आला, आणि भिंतीपाशी टोपी हातात धरून उभा असलेला तो.

“हे कोण?” मित्राच्या बायकोने विचारलं.

“तिथला गाइड,” मी म्हणालो.

मागून बायकोचा आवाज आला, “गाइड नव्हता तो.” सगळे तिच्याकडे वळले. मी पुढची स्लाइड लावली.

एप्रिलमध्ये बाईंचं पत्र आलं, बायकोच्या नावाने. पत्ता मीच त्या रविवारी लिहून दिलेल्या कागदावरचा. बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

साधं पत्र होतं. फेब्रुवारीत कंत्राटदाराची माणसं आली. त्यांनी भावाला सांगितलं, अमेरिकेच्या साहेबांनी तुझं नाव दिलंय. त्याने काम घेतलं. चांगले साचे पहिल्या आठवड्यात पेट्यांत भरून गेले. बाकीचे फोडायचे होते. ते बिडाचे असतात, उतरवत बसायला वेळ लागतो, म्हणून घणाने फोडतात. घण त्याच्या हातात दिला. तिसऱ्या आठवड्यात बिडाची कपची उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. एडिनबरोला नेलं, पण डोळा वाचला नाही. आता तो बाईंकडेच राहतो. फारसा बाहेर पडत नाही. शेवटी लिहिलं होतं की काम मिळवून दिल्याबद्दल तुझ्या मिस्टरांना त्याचे आभार कळव, असं त्याने सांगितलंय. मी नको म्हणत होते, पण त्याने सांगितलंय म्हणून लिहिते.

“नाव तुम्ही दिलं होतंत?” बायकोने विचारलं.

“मीच दिलं होतं.”

“मला का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, मला वाटलं त्याला मदत होईल. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही.

मी ती नोकरी आणखी सहा वर्षं केली. पुढे पुढे लांब जावंच लागलं नाही. आमच्याच काउंटीतल्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि शेजारच्या चर्चमध्ये दिसणारी माणसं मला गेटवर दिसू लागली. कामाला निघताना बायको कधी विचारत नसे की आज कुठे. घरात त्या गावाचा विषय निघत नसे.

त्या पत्राचं उत्तर मात्र तिने लगेच लिहिलं. दोन पानं लिहिली, कशाबद्दल ते मी विचारलं नाही. मग पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “खाली तुम्हीही दोन ओळी लिहा त्याला.” मी बसलो. इंग्रजीत सुरुवात केली, खोडली. दुसऱ्या कागदावर परत केली. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर तीन कागद होते आणि प्रत्येकावर फक्त त्याचं नाव होतं. ती आली, कागद बघितले. आपली दोन पानं घडी करून पाकिटात घातली, मागे फक्त स्वतःचं नाव लिहिलं, आणि पोस्ट ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.